आईला ‘स्टडीत घेऊ’ म्हणतायत, सही करावी का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ६१ वर्षांच्या, मधुमेह जुना, तळपायांची आग होते, रात्र रात्र झोप लागत नाही. सरकारी मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत नेलं तेव्हा रेसिडेंट डॉक्टर म्हणाले, ‘पुढच्या महिन्यात आमच्याकडे एक स्टडी सुरू होतेय, मावशी त्यात बसतील. अर्ध्या पेशंटना चालू गोळ्यांसोबत एक कॅप्सूल जास्तीची मिळेल, अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची.’ आठ पानी मराठी माहितीपत्रक हातात दिलं. मुलानं नेटवर शोधलं तर सीटीआरआय या सरकारी संकेतस्थळावर नोंद सापडली, पण वाचून काही उमगलं नाही. हा आईवर प्रयोग आहे का? बिनऔषधाची कॅप्सूल देणं ही फसवणूक नाही का? काही झालं तर जबाबदार कोण? आणि अशा येऊ घातलेल्या ट्रायल्सची माहिती सामान्य माणसानं काढायची कशी?

मी मेडिकल कॉलेजात औषधशास्त्र शिकवते आणि बरीच वर्षं एथिक्स कमिटीचं, म्हणजे अशा स्टडींना मान्यता देणाऱ्या समितीचं, काम पाहते, त्यामुळे या कागदांच्या दोन्ही बाजू रोज डोळ्यांखालून जातात.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ देते: हो, प्रयोगच आहे. त्या कॅप्सूलनं आईंना उतार पडेल हे ठाऊक असतं तर स्टडीची गरजच नव्हती, डॉक्टरांनी ती केसपेपरवर लिहून दिली असती. पडेल की नाही हे खरोखर माहीत नाही, म्हणून तर रुग्णांचे दोन गट करायचे. तेव्हा ‘मावशी, यानं नक्की बरं वाटेल’ असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल तर तिथेच थांबवून विचारा, ‘नक्की माहीत असेल तर अर्ध्यांना नुसती कॅप्सूल का देताय?’ चांगला रेसिडेंट यावर हसेल आणि नीट समजावून सांगेल.

आता ती नोंद. सीटीआरआय ही देशातल्या क्लिनिकल ट्रायल्सची, म्हणजे रुग्णांवर होणाऱ्या अशा चाचण्यांची, नोंदवही. आयसीएमआर, म्हणजे वैद्यकीय संशोधनाची केंद्रीय परिषद, ती चालवते. जुलै २००७ मध्ये ती सुरू झाली, २००९ पासून औषध नियंत्रकांच्या परवानगीनं होणाऱ्या ट्रायल्सना सक्तीची झाली. १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधी नोंद केली तरच ती स्वीकारली जाते. माझ्या मते ही शेवटची अट सगळ्यात मोलाची. समजा, आग कमी होते का हे पाहायला निघाले, आग काही कमी झाली नाही, पण झोप थोडी सुधारलेली दिसली; मग प्रबंधात ‘झोपेवर परिणामकारक’ असं छापून मोकळे. प्रश्न आधीच तारखेसकट लिहून ठेवलेला असला की ही चलाखी घरबसल्या कुणालाही पकडता येते. तुम्हाला सापडलेली नोंद म्हणजे निकाल लागायच्या आधी डॉक्टरांनी लिहून दिलेला शब्द आहे, म्हणून ती सहीच्या आधी वाचायची.

ती पानभर इंग्रजी आहे आणि लोकांसाठी म्हणून दिलेलं सोपं शीर्षकही बहुतेक वेळा शास्त्रीय शीर्षकाचीच नक्कल असते, याची आम्हाला लाज वाटायला हवी. पण सगळं वाचायची गरज नाही. ‘नॉट येट रिक्रूटिंग’ असं लिहिलंय म्हणजे अजून एकही रुग्ण घेतलेला नाही. (स्टडी सुरू होऊनही हा शेरा महिनोन्‌महिने तसाच राहतो. तो बहुधा आळस असतो, लबाडी नव्हे.) त्याच पानावर ‘पोस्ट ग्रॅज्युएट थिसिस’ असा एक रकाना आहे. तिथे ‘येस’ असेल, आणि तुमच्या वर्णनावरून असणारच, तर ही एमडी करणाऱ्या रेसिडेंटची प्रबंधाची स्टडी आहे. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या प्रत्येक एमडी-एमएस विद्यार्थ्याला असा प्रबंध करावाच लागतो. आधी सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा), मग एथिक्स कमिटी, मग सीटीआरआय, मग ओपीडीत रुग्ण शोधण्याची धावपळ, आणि हे सगळं तीन वर्षांत, ड्युट्या सांभाळून. तो मुलगा किंवा मुलगी तुमच्या आईंच्या मागे का लागली आहे, याचं निम्मं उत्तर इथे आहे. त्यात काही वाईट नाही, फक्त तुम्हाला माहीत असावं. अशा स्टडीत रुग्ण थोडे असतात, साठ, ऐंशी, शंभर. तेवढ्यावरून उपचाराची पद्धत बदलत नाही. पण अशा प्रबंधांत औषध बहुधा वर्षानुवर्षं दुकानात मिळणारं असतं, त्यामुळे अनपेक्षित धोकाही कमी असतो.

मग ‘प्रायमरी आउटकम’ शोधा. काय मोजणार, कशानं मोजणार आणि किती आठवड्यांनी मोजणार, हे तिथे असतं. आगीसाठी बहुधा एक रेघ वापरतात: कागदावर दहा सेंटिमीटरची आडवी रेघ, एका टोकाला ‘अजिबात त्रास नाही’, दुसऱ्या टोकाला ‘सहन होण्यापलीकडे’. रुग्णानं आपल्याला वाटेल तिथे फुली मारायची आणि रेसिडेंटनं पट्टी लावून मिलिमीटर मोजायचे. ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात आमच्याकडच्या मावश्या आधी डॉक्टरांच्या तोंडाकडे बघतात, मग फुली मारतात. पोरगं एवढं धडपडतंय, दर खेपेला चहापाण्याची चौकशी करतंय, तर ‘काही फरक नाही’ असं त्याच्या तोंडावर कसं सांगायचं? मग पहिल्या खेपेला आठवर असलेली फुली दुसऱ्या खेपेला आपोआप पाचवर येते. भरीला आणखी एक गोष्ट असते. माणूस दवाखान्याची पायरी चढतो तेव्हा त्याचा त्रास शिगेला पोचलेला असतो. त्यानंतर काही न करताही त्यातल्या बऱ्याच जणांचा त्रास थोडा उतरतो.

बिनऔषधाच्या कॅप्सूलचं कारण हेच. दोन्ही गटांत भीड सारखी, आशा सारखी, आपसूक उतरणारा त्रासही सारखा. त्यावर जो फरक उरेल तो औषधाचा. म्हणून कुणाला काय मिळतंय हे रुग्णालाही कळू द्यायचं नाही आणि फुली मोजणाऱ्यालाही नाही. फसवणूक तेव्हा झाली असती जेव्हा हे तुम्हाला सांगितलंच नसतं. इथे ते आधी सांगून, लिहून दिलेलं आहे. कुणाला कुठला गट हे डॉक्टर ठरवत नाहीत. संगणकानं काढलेल्या क्रमानं चिठ्ठ्या तयार होतात आणि क्रमांक घातलेल्या, चिकटवलेल्या, जाड पाकिटांत जातात. पाकीट जाड का, तर ट्यूबलाइटसमोर धरून आतली चिठ्ठी वाचणारे महाभाग जगभर होऊन गेलेत. कोणाला काय दिलं याची किल्ली तिसऱ्याच माणसाकडे असते आणि आईंना अचानक काही झालं तर ती तत्काळ उघडता येते.

पण प्लासिबोच्या, म्हणजे या बिनऔषधाच्या कॅप्सूलच्या, बाबतीत एक प्रश्न मात्र विचारल्याशिवाय सही करू नका: चालू गोळ्या चालूच राहणार ना? ‘चालू उपचार अधिक कॅप्सूल’ विरुद्ध ‘चालू उपचार अधिक बिनऔषधाची कॅप्सूल’ असं असेल तर आईंचं काही जात नाही. चालू गोळी बंद करून नुसती बिनऔषधाची देणार असतील तर गोष्ट वेगळी. ज्या आजाराला चांगला उपचार उपलब्ध आहे, तिथे रुग्णाला त्यापासून तोडून प्लासिबोवर ठेवायला आमच्यासारखी कमिटी सहसा मान्यता देत नाही. नोंदीत ‘इंटरव्हेन्शन’ (एका गटाला काय देणार) आणि ‘कम्पॅरेटर’ (दुसऱ्या गटाला काय देणार) या दोन ओळी शेजारी शेजारी ठेवून वाचा, लगेच कळेल. मध्येच आग असह्य झाली तर जादा गोळी घ्यायची मुभा आहे का, हेही विचारून ठेवा.

एवढा खटाटोप कशाला, डॉक्टरांचा अनुभव पुरेसा नाही का, असं बऱ्याच जणांना वाटतं. कोविडच्या पहिल्या लाटेत हायड्रॉक्सीक्लोरोक्विनवर सगळ्यांचा किती विश्वास होता ते आठवा. दुकानांत गोळी मिळेना. ऑक्सफर्ड विद्यापीठानं मार्च २०२० मध्ये ‘रिकव्हरी’ नावाची ट्रायल सुरू केली आणि जूनमध्ये निकाल दिला: हॉस्पिटलात दाखल रुग्णांना या गोळीनं काही फायदा नाही. त्याच महिन्यात त्याच ट्रायलनं दाखवलं की डेक्सामेथासोन हे जुनं, कवडीमोल किमतीचं स्टिरॉइड व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशानं कमी करतं. ज्यांना ऑक्सिजनही लागत नव्हता त्यांना मात्र त्याचा फायदा नव्हता. ही बारीक रेषा कुठल्याही एका डॉक्टरला, कितीही हुशार असला तरी, स्वतःच्या वॉर्डात उभं राहून दिसली नसती.

आपल्याकडचं उदाहरण मला जास्त जवळचं वाटतं. मुंबईच्या टाटा मेमोरियलनं स्तनाच्या कर्करोगात एक साधा प्रश्न विचारला: शस्त्रक्रियेत गाठ काढण्याच्या सात ते दहा मिनिटं आधी गाठीभोवती लिग्नोकेनचं इंजेक्शन दिलं तर काय होईल? लिग्नोकेन म्हणजे तेच, दाताचे डॉक्टर हिरडी बधिर करायला वापरतात ते. देशातल्या ११ केंद्रांत १,६०० स्त्रिया या ट्रायलमध्ये आल्या. निम्म्यांना इंजेक्शन, निम्म्यांना नाही, बाकी उपचार दोन्हीकडे तेच. पाच वर्षांनंतर आजार न उलटता राहिलेल्या स्त्रियांचं प्रमाण इंजेक्शनशिवाय ८२.६ टक्के होतं, इंजेक्शनसह ८६.६ टक्के. हयात असणाऱ्यांचं प्रमाण ८६.४ वरून ९०.१ टक्के झालं. म्हणजे शंभरातल्या साधारण चौघी जास्त. हा निकाल २०२३ मध्ये छापून आला.

शंभरात चौघींचा फरक ओपीडीत बसून दिसत नाही. तो दिसायला सोळाशे बायका आणि दहा-अकरा वर्षं लागली. आणि हा प्रश्न कुठल्या औषध कंपनीनं विचारला असता? लिग्नोकेन स्वस्त, पेटंट कधीच संपलेलं, विकून मिळणार काय? विद्यापीठं आणि त्यांची रुग्णालयं ज्या ट्रायल्स करतात त्यातल्या चांगल्यांचं मोल इथे आहे. ज्यात नफा नाही असे प्रश्न तेच विचारतात. सगळ्याच अशा नसतात हे वर सांगितलंच. ‘करायचा म्हणून केलेला प्रबंध’ ही जातही भरपूर आहे आणि कमिटीत आम्ही त्यावर डोकं फोडतो.

आता जबाबदारी. इथे नीट लक्ष द्या, कारण नेटवरची निम्मी माहिती कंपनीच्या ट्रायल्सची असते आणि तुमची स्टडी तशी नाही.

नवीन औषध बाजारात आणण्यासाठी कंपनी ट्रायल करते तेव्हा तिला दिल्लीच्या औषध नियंत्रकांची परवानगी लागते आणि क्लिनिकल ट्रायल्सचे २०१९चे नियम पूर्ण लागू होतात. ट्रायलमध्ये इजा झाली तर ती ट्रायलमुळे नाही हे सिद्ध होईपर्यंत किंवा गरज असेपर्यंत मोफत उपचार मिळतात. गंभीर घटना घडली की डॉक्टरांनी चोवीस तासांत कळवायचं असतं. ट्रायलमुळे मृत्यू आला तर भरपाईचं सूत्रच ठरलेलं आहे: आठ लाख ही मूळ रक्कम, तिला वयाच्या आणि आजाराच्या जोखमीच्या आकड्यांनी गुणायचं आणि ९९.३७ नं भागायचं. तरुण आणि धडधाकट माणसासाठी ही रक्कम सत्तर लाखांच्या वर जाते, पासष्टीच्या पुढच्या अत्यवस्थ रुग्णासाठी चार लाखांवर येते. या हिशेबावर मी बोलायला लागले तर उत्तर दुप्पट होईल, तेव्हा असो.

तुमच्या आईंची स्टडी मात्र ‘अकॅडमिक ट्रायल’ या वर्गातली दिसते. आधीच मान्यता असलेलं औषध, विक्रीचा परवाना मिळवणं हा हेतू नाही, पैसा संस्थेचा किंवा विभागाचा. अशा ट्रायलला औषध नियंत्रकांची परवानगी लागत नाही, एथिक्स कमिटीची मान्यता पुरते आणि आयसीएमआरची २०१७ची मार्गदर्शक तत्त्वं पाळावी लागतात. मागे उभी राहणारी कंपनी नाही, म्हणून इजा झाल्यास उपचार आणि भरपाईची सोय संस्थेनं करायची असते. माहितीपत्रकात याबद्दलची ओळ शोधा. ‘काही त्रास झाल्यास योग्य ते उपचार करण्यात येतील’ एवढंच मोघम असेल तर विचारा: मोफत का, कुठे, आणि खर्च कोण करणार? शिवाय स्टडीसाठी ज्या जादा तपासण्या होतील त्यांचे पैसे आईंकडून घेता येत नाहीत. नेहमीच्या उपचाराचा खर्च वेगळा. ‘ही तपासणी बाहेरून करून आणा’ असं सांगितलं की ती स्टडीसाठी आहे की उपचारासाठी, हे तिथल्या तिथे विचारायचं.

ही मान्यता देणारी कमिटी डॉक्टरांचीच असते, मग ती त्यांच्या बाजूनं नसेल का, अशी शंका येणं साहजिक आहे. नियमानं कमिटीत किमान सात जण लागतात, निम्मे तरी त्या संस्थेच्या बाहेरचे, अध्यक्षही बाहेरचा. एक कायदा जाणणारा, किमान एक स्त्री, आणि एक सामान्य माणूस, ज्याचा वैद्यकाशी संबंध नाही. बैठकीत सगळ्यात उपयोगी प्रश्न पुष्कळदा तोच विचारतो. ‘दर पंधरवड्याला यायचं तर रोजंदारीवरचा माणूस कसा येईल? एसटीचं भाडं कोण देणार?’ यावर प्रोटोकॉल (स्टडीचा आराखडा) परत पाठवल्याचं मी पाहिलं आहे. तुम्हीही प्रवासखर्चाचं विचारा. तो देता येतो, मागण्यात कमीपणा नाही.

आता ते आठ पानी माहितीपत्रक. ते घरी आणू दिलं ही चांगली खूण. ओपीडीच्या रांगेत दोन मिनिटांत सही घेणारे कमी नाहीत. त्याच्या मागे संमतीपत्र असेल. तुमच्या आईंना वाचता येत असेल तर सही त्यांनीच करायची आणि तारीखही स्वतःच्या हातानं घालायची. तुमची सही त्यांच्या जागी चालत नाही, तुम्ही कितीही शिकलेले असा. वाचता येत नसेल तर स्टडीशी संबंध नसलेल्या साक्षीदारासमोर सगळं वाचून दाखवायचं, मग अंगठा, मग साक्षीदाराची सही. कंपनीच्या ट्रायलच्या संमतीपत्रात वारसदाराचं नाव आणि वार्षिक उत्पन्न असे रकाने असतात. काही कॉलेजं तोच नमुना सगळीकडे वापरतात. ‘वारस’ वाचून घरातले हादरतात. तो रकाना भरपाईच्या नियमामुळे आहे, आईंच्या कॅप्सूलमुळे नाही. भरलेल्या संमतीपत्राची एक प्रत मागून घ्या. ती तुमच्या फाइलीत राहायला हवी.

सहीवर एवढा काथ्याकूट का, तर त्याला इतिहास आहे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या वडोदरा जिल्ह्यांत मुलींना एचपीव्ही (गर्भाशयमुखाच्या कर्करोगाविरुद्धची) लस देण्याचा एक प्रकल्प झाला. वसतिगृहात राहणाऱ्या मुलींच्या संमतीपत्रांवर आईवडिलांऐवजी वॉर्डनच्या सह्या निघाल्या. प्रकल्प थांबवला गेला, संसदीय समितीनं कडक ताशेरे ओढले. इंदूरच्या कार्यकर्त्यांची ट्रायल्सबद्दलची याचिका त्याच सुमारास सर्वोच्च न्यायालयात गेली आणि २०१३ पासून नियम झपाट्यानं आवळले गेले. अगदी नव्या औषधाच्या (नवीन रेणूच्या) ट्रायलमध्ये दुर्बल गटातल्या रुग्णाची संमती घेताना व्हिडिओ काढतात, तीही त्यानंतरचीच गोष्ट. तुमच्याकडे औषध जुनं असल्यामुळे कॅमेरा नसेल. नाही दिसला म्हणून संशय घेऊ नका.

येऊ घातलेल्या ट्रायल्स शोधायच्या तर सीटीआरआयवर आजाराचं नाव टाकून शोधा आणि ‘नॉट येट रिक्रूटिंग’ किंवा ‘ओपन टू रिक्रूटमेंट’ (रुग्ण घेणं चालू) असलेल्या तेवढ्या बघा. प्रत्येक नोंदीत केंद्राचा पत्ता आणि लोकांच्या शंकांसाठी एका माणसाचा फोन असतो. तो खरोखर लागतो, करून पाहा. परदेशात राहणाऱ्यांना अमेरिकेचं क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह किंवा ब्रिटनचं ‘बी पार्ट ऑफ रिसर्च’ हे संकेतस्थळ आहे; ब्रिटनचं लिहिलंय सोप्या भाषेत, आपल्याकडच्यासारखं नाही. व्हॉट्सॲपवर ‘नवीन ट्रायल, मोफत उपचार, मर्यादित जागा’ असं काही आलं तर नोंदणी क्रमांक मागा. सीटीआरआय, मग वर्ष, महिना आणि आकडा असा तो असतो. आणि ट्रायलमध्ये घेण्यासाठी रुग्णाकडूनच लाखांनी पैसे मागणारा कुणी भेटला, विशेषतः स्टेम सेलच्या नावाखाली, तर तिथून उठून या.

तुमच्या बाबतीत माझं मत विचारलंत तर चालू गोळ्या चालू राहणार असतील, भरपाईची ओळ स्पष्ट असेल आणि दर खेपेचा प्रवास आईंना झेपणारा असेल, तर भाग घ्यायला हरकत दिसत नाही. फायद्याची आशा धरून मात्र जाऊ नका. निम्म्या रुग्णांच्या वाट्याला नुसती कॅप्सूलच येणार आहे. एक गोष्ट बहुतेकांच्या अनुभवाला येते. अशा स्टडीत रेसिडेंट स्वतः फोन करून बोलावतो, पाय तपासतो, साखर पाहतो, एरवी ओपीडीत मिळत नाही इतका वेळ देतो. आईंनी नाही म्हटलं किंवा मध्येच सोडलं तरी त्यांचे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत, कारणही द्यावं लागत नाही. तसं कुणी धमकावलं तर माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर एथिक्स कमिटीच्या सदस्य सचिवांचा फोन असतो. तो खास त्यासाठीच छापलेला असतो.

आणि सही करायच्या आधी ‘एक्सक्लुजन’ची, म्हणजे कुणाला घेणार नाहीत याची, यादी वाचा. मधुमेहाच्या अशा स्टडीत क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) वाढलेलं, बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व कमी, थायरॉइडचा त्रास, पायाला जखम, यातलं काही असलं की रुग्ण बाद. ६१ वर्षांच्या बाईंना यातलं एखादं असण्याची शक्यता बरीच आहे. तेव्हा पुढच्या खेपेला जाताना गेल्या सहा महिन्यांचे रिपोर्ट आणि सध्याच्या गोळ्यांची पाकिटं न्या, गावातल्या वैद्यांच्या पुड्या असतील तर त्याही. त्या पुड्या मावश्या हमखास लपवतात, आणि नेमक्या त्यांच्यामुळेच कॅप्सूलनं काय केलं ते कळेनासं होतं.